तीन वर्षं टिकलेली बॅटरी

मोटारीची बॅटरी किती टिकते असं कुणी विचारलं तर मी आजही फटकन सांगते: नीट सांभाळली तर तीन वर्षं, नाहीतर दीड. बाईमाणसाला हे कसं ठाऊक, म्हणून लोक कौतुकाने बघतात. कुठून ठाऊक झालं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं. आता ज्यांच्याशी खोटं बोलायचं ती माणसं उरली नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

तीस सालानंतरचे ते दिवस. अलिबागजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी होती. वाडीच्या उत्पन्नावर ह्यांनी एक वापरलेली मोटार घेतली आणि रेवस ते अलिबाग सर्व्हिस सुरू केली. मुंबईची लाँच रेवसच्या धक्क्याला लागली की उतारू भरायचे आणि अलिबागला आणून सोडायचे. पाचांच्या गाडीत नऊ बसत. लाँच भरतीच्या वेळेवर चाले आणि गाडी लाँचच्या वेळेवर, त्यामुळे आमच्या घरातली जेवणंसुद्धा भरती-ओहोटी बघून होत.

गाडीवर ड्रायव्हर होता तो कोळीवाड्यातला, पंचविशीचा. बाप तांडेल, घरची होडी. त्याने होडी सोडून मोटार धरली म्हणून बापाने बोलणं टाकलं होतं. परत आलास तर होडीला हात लावू देणार नाही, असं बापाने चार माणसांत सांगितलं होतं. म्हणजे आमची नोकरी गेली तर त्याला जायला जागा नव्हती. ही गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक होती, आणि त्याला पगारवाढ नाकारताना हे ती विसरत नसत.

त्याचा सगळा जीव त्या बॅटरीत. पुढच्या सीटखालची फळी उचलली की खाली ती काळी पेटी दिसे, वर तीन बुचं. दुसऱ्या ड्रायव्हरांच्या बॅटऱ्या दीड वर्षात बसतात आणि मालक पंचेचाळीस रुपये मोजून मुंबईहून नवी आणतो. आपण ही तीन वर्षं चालवून दाखवू, असं त्याने ह्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पंचेचाळीस म्हणजे त्याचा दोन महिन्यांचा पगार. हे धक्क्यावर सगळ्यांना सांगत, "आमचा कोळी बघा, तीन वर्षं म्हणतोय!" लोक हसत. तोही हसे, पण दर आठवड्याला बुचं काढून आत पाणी बघे, तारांची टोकं पुसून त्यांना व्हॅसलीन लावी.

मला गाडीला हात लावायची परवानगी नव्हती. ती घरात आल्यापासून ह्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि माझा तिच्यावर राग होता. पण कुतूहलही होतं. हे घरी नसले की मी पायरीवर उभी राहून त्याला नाही नाही ते विचारत असे. एकदा विचारलं, "आपल्या विहिरीचं पाणी का नाही घालत? तुझ्या बॅटरीला सोवळं लागतं की काय?"

"विहिरीचा पानी मचूळ हाय वैनी, आतल्या पट्ट्या खाऊन टाकतंय," तो म्हणाला. "हिला जमिनीला न लागलेला पानी पायजे."

मुंबईहून तसलं पाणी बाटलीत येई, पण हे पैसे देत नसत. मग तो पावसाचं पाणी धरून ठेवी. तेसुद्धा किनाऱ्याचं नाही. इथल्या पावसात वाऱ्याबरोबर खार येतो. आत डोंगराखालच्या गावात त्याचे पाहुणे होते, त्यांच्या अंगणात भर श्रावणात बरण्या मांडून यायचा. बाटल्या भरून आणी. मला त्याचं हे सगळं फाजील वाटे. ड्रायव्हरने एवढं शहाणं असू नये असंही वाटे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला गाडी धुऊन अंगणात उभी केली होती. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, बॅटरीत पाणी उतरलंय, बाटली संपली, दसरा झाला की पाहुण्यांकडून दुसऱ्या घेऊन येतो. नवमीला तो आपल्या घरी गेला. बाप बोलत नसला तरी आई होती. हे वाडीत कोयते-कुदळी पुजायला गेले. गाडीची पूजा माझ्याकडे आली. मी हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकापाशी नारळ फोडला आणि पाणी तांब्याच्या फुलपात्रात धरलं. मग माझ्या डोक्यात आलं, जमिनीला न लागलेलं पाणी म्हणजे याहून कुठलं? आमच्याकडे देवालासुद्धा चालतं, बॅटरीला का नाही चालणार? मी फळी उचलली, तिन्ही बुचं काढली आणि थोडं थोडं करून फुलपात्र रिकामं केलं. शेवटी हात जोडले. मला फार आनंद झाला होता. त्या गाडीसाठी मी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं.

पंधरा दिवसांत दिवे मिणमिणायला लागले. आणखी आठवड्याने बटण दाबलं की इंजिन नुसतं कण्हायचं आणि गप्प व्हायचं. ड्रायव्हरने बुचं काढून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि बुचं परत लावली. हे बॅटरी लाँचवर घालून मुंबईला घेऊन गेले. परत आले ते लालबुंद होऊन. तिथल्या मिस्त्रीने पेटी उलटी करून दाखवली होती. आतून नारळाच्या शेंडीचे दोन धागे आणि खोबऱ्याचा कपचा निघाला होता. पट्ट्या कामातून गेल्या, धुऊन-भरून दिली आहे, ठिणगीपुरती चालेल, पण बटणावर गाडी सुरू व्हायची नाही, असं तो म्हणाला होता.

ह्यांनी ड्रायव्हरला अंगणातच उभं केलं. "नारळाचं पाणी कुणी घातलं?"

"मी न्हाय शेट."

"मग कुणी?"

तो माझ्याकडे वळला. बोट केलं नाही, नाव घेतलं नाही, नुसता वळला. मी दारात तांदूळ निवडत होते. मी सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "यांच्यात होडीच्या नाळेवर नारळाचं पाणी ओततात ना? हाच मला सांगत होता."

यात एकही शब्द खोटा नव्हता. होडीच्या नाळेवर, तिच्या पुढच्या टोकावर, ते ओततात, आणि त्यानेच मला ते सांगितलं होतं. हे मोठ्याने हसले. शेजारच्या वाडीतले दोघे कुंपणापाशी उभे होते, तेही हसले. कोळ्याने मोटारीला होडी समजून नारळ पाजला, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अलिबागच्या बाजारात पोचली. खरं काय ते शोधायची कुणाला गरजच उरली नाही, इतकी ती गोष्ट चांगली होती. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडी ऐटही वाटली. लाज वाटली नाही.

ह्यांनी शिक्षा सांगितली. नवी बॅटरी त्याच्या पगारातून यायची, महिन्याला पाच रुपये कापून. पंचेचाळीस भरेपर्यंत गाडी हँडल मारून, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी लोखंडी दांडा घालून हाताने फिरवत, सुरू करायची. नऊ महिने. तो म्हणाला, "बरा शेट." दुसरं काय म्हणणार?

हँडल मारणं हे ताकदीपेक्षा सवयीचं काम आहे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटं फिरतं आणि हात मोडतो. म्हणून अंगठा मुठीत न घेता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण दिवसातून बारा-पंधरा वेळा, थंड इंजिनावर, कधी उपाशीपोटी! धक्क्यावरची पोरं "नारळ पाज, नारळ पाज" म्हणून ओरडायची. माघापर्यंत त्याचा उजवा खांदा उतरल्यासारखा दिसायला लागला होता. मी ते पाहत होते. माझ्या एका वाक्याने ते थांबलं असतं, आणि ते वाक्य मी रोज गिळत होते.

माघात मी माहेराहून परत आले. लाँचने रेवसला उतरले. गाडी भरली, मी मालकीण म्हणून पुढे बसले. त्याने चार वेळा हँडल मारलं, गाडी सुरू होईना. ऊन चढत होतं, मागचे उतारू कुरकुरत होते, आणि मला चारचौघांत ओशाळवाणं झालं. मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "हातात जोर नाही का रे? की त्यालाही नारळ फोडू?"

सगळी गाडी हसली. त्याने वर बघितलं. मग मूठ आवळली, अंगठ्यासकट, आणि रागाने हँडल खाली दाबलं. आवाज आला तो गाडीचा नव्हता. तो उजवं मनगट छातीशी धरून धक्क्यावर खाली बसला. मला मात्र पहिला विचार आला तो हा, की आता आम्ही अलिबागला जायचं कसं.

हाडवैद्याने बांधलं, पण मनगट वाकडंच जुळलं. मूठ मिटेना. ह्यांनी दोन आठवडे वाट बघितली आणि त्याला काढलं. कापलेले पैसेही ठेवून घेतले, "बॅटरी कुणी बिघडवली?" म्हणून. नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं, हँडल मारणार नाही, नवी बॅटरी आणा. ह्यांनी दुसऱ्या दिवशी आणली. इतकं ते सोपं होतं.

निरोप घ्यायला तो आला तेव्हा हे घरात नव्हते. डाव्या हातात पिशवी होती, पिशवीत सहा बाटल्या. डोंगराखालच्या पाहुण्यांकडे राहिलेल्या त्या तो घेऊन आला होता. त्याने त्या एक एक करून पायरीवर ठेवल्या.

"नव्या बॅटरीत ह्याच्याशिवाय काय घालू नका वैनी."

मी म्हटलं, "मला कशाला सांगतोस? मला काय कळतंय त्यातलं?"

त्याने रिकामी पिशवी काखेत धरली. मग "व्हय, बरोबर हाय," म्हणाला आणि गेला.

नव्या ड्रायव्हरला बॅटरीचं काही पडलेलं नव्हतं. तेव्हा महिन्यातून एकदा फळी उचलून मीच पाणी घालायला लागले. का, ते मला नीट सांगता येत नाही. पश्चात्ताप म्हणावं तर मी ह्यांना खरं सांगितलं असतं. पहिल्या सहा बाटल्या संपल्यावर मी माणूस पाठवून त्याच डोंगराखालच्या गावातून पावसाचं पाणी मागवलं. ह्यांना माझं कौतुक वाटे. गाडीवरून आमच्यात पहिल्यांदाच बरं बोलणं व्हायला लागलं.

ती बॅटरी तीन वर्षं चालली. तिसरं वर्ष पुरं झालं त्या आठवड्यात आम्ही दोघं रेवसला गेलो होतो. लाँचची वाट बघत हे ओळखीच्या लोकांना मोठ्याने सांगत होते, "आमच्या घरात बॅटरी तीन वर्षं टिकते. हिच्या हातचा गुण!" बाजूला होड्यांवरून मासळीच्या टोपल्या उतरत होत्या. त्या वाहणाऱ्यांत तो होता. बापाने होडीला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्यांच्या टोपल्या तो डाव्या हाताने डोक्यावर चढवत होता, उजवा नुसता टेकवत होता. त्याने ऐकलं. टोपली खाली ठेवून तो ह्यांच्यापाशी आला.

"किती वर्सा चालली शेट?"

"तीन," हे म्हणाले.

"मी बोललो व्हतो, तीन वर्सा."

"बोललास खरा," हे म्हणाले, "पण तू तिला नारळ पाजलास ना!"

लोक खो खो हसले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आता बघून काही होत नाही हे तो शिकला होता. खाली वाकून त्याने टोपली उचलली. ती डोक्यावर नीट चढेना. कुणी हात लावला नाही, मीही लावला नाही. हे माझ्याकडे बघून हसत होते, तेव्हा मीही हसले.