अब्बांच्या गाडीची मेमरी

माझे अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते, भूम डेपोला. भूम–परंडा–कुर्डुवाडी हा त्यांचा नेहमीचा रूट. साखरेच्या आजारानं उजव्या डोळ्याचा पडदा खराब झाला आणि वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला नको म्हणून लिहून दिलं, तेव्हा नोकरीची सात वर्षं बाकी होती. नोकरी टिकली. डेपोत हलकं काम मिळालं. गेटवर बसायचं आणि कुठली गाडी किती वाजता बाहेर पडली ते वहीत टिपायचं. खाकी कपडे तेच राहिले, पण ते इस्त्रीला टाकायचं अब्बांनी सोडलं.

आमच्या घरात दखनी बोलतात. अब्बा मात्र गाडीविषयी बोलायला लागले की आपोआप मराठीवर यायचे. ब्रेक, गेर, घाट, फलाट हे सगळं त्यांना मराठीतच आलं होतं. त्यामुळे इथं त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिता येतं.

मी तेव्हा गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. बारावीनंतर तिथंच शिकले आणि तिथंच लागले. क्लासच्या सरांनी नव्या मशिन घेतल्या तेव्हा एक जुनी मला दिली. एकशे अठ्ठावीस एमबी मेमरी, पोट सुटलेला मॉनिटर, सुरू होताना सायकलला पंप मारल्यासारखा आवाज. तिच्यावर मी बस चालवायचा एक गेम टाकला. बार्शीच्या दुकानात सीडी दिसली आणि अब्बांची आठवण झाली, इतकंच. चौसष्ट एमबीत चालायचा तो.

अब्बांनी आधी लांबूनच बघितलं. मग म्हणाले, "क्लच कुठंय?"

"क्लच न्हाय, अब्बा. हे बटण दाबलं की पुढं, हे दाबलं की ब्रेक."

"क्लच न्हाय ती कसली गाडी," असं म्हणून ते खुर्चीत बसले, आणि अम्मीनं जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

तो गेम आज दाखवला तर कुणी हसेल. रस्ता म्हणजे राखाडी पट्टा, झाडं म्हणजे हिरवे त्रिकोण. थांब्यावर चारपाच चौकोनी माणसं उभी असायची, गाडी थांबली की नाहीशी व्हायची, म्हणजे ती आत बसली असं समजायचं. क्लासमधल्या मुली हाच गेम खेळताना मुद्दाम गाडी भिंतीवर घालायच्या आणि खिदळायच्या. अब्बांनी कधी साधा आरसासुद्धा घासला नाही. रिकाम्या वळणावर ते हॉर्नचं बटण दाबायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पलीकडनं ट्रॅक्टर येत असला तर?" त्या गेममध्ये ट्रॅक्टर नव्हताच.

वर्षभरानं त्याचा पुढचा भाग आला. सीडीच्या पाठीमागं बारीक अक्षरात लिहिलं होतं: मेमरी किमान दोनशे छप्पन्न. आमच्याकडं त्याच्या निम्मी. अब्बांना काही पटेना. काल चालणारी मशिन आज अपुरी कशी?

मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. "अब्बा, हार्ड डिस्क म्हंजे डेपो. तिथं गाड्या कितीबी उभ्या राहतील. मेमरी म्हंजे फलाट. जेवढे फलाट, तेवढ्याच गाड्या एका टायमाला लागणार. ह्या नव्या गेममधी माणसं जास्त, घरं जास्त, सिग्नल जास्त. त्यांना फलाट जास्त लागत्यात."

अब्बांनी मान हलवली. "मग फलाट वाढव की."

आणि मग मी जे केलं ते सरळ लिहून टाकते. शनिवारी क्लास सुटल्यावर कोपऱ्यातल्या, कमी वापरातल्या मशिनचं झाकण उघडलं, आतली मेमरीची पट्टी काढली आणि रुमालात गुंडाळून घरी आणली. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन परत लावायची असं ठरवलं होतं. पट्टी बसली, गेम सुरू झाला. शहरात सिग्नल होते. दुकानांवर पाट्या होत्या. अब्बा रविवारी सकाळी नाश्ता करून बसले ते बसलेच.

त्याच रविवारी परीक्षा जवळ आलेल्या एका मुलीसाठी सरांनी क्लास उघडला आणि तिला नेमकं कोपऱ्यातल्या मशिनवर बसवलं. पडदा काळा, आणि आतून नुसती पीं पीं. सरांनी झाकण उघडून बघितलं. क्लासची किल्ली त्यांच्याशिवाय माझ्याकडंच असायची. दुपारी ते आमच्या दारात उभे.

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळाले. बाहेर अब्बा उठायला लागले तर सर म्हणाले, "बसा, चालवा तुम्ही." आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसून बघत राहिले. मी कप घेऊन आले तेव्हा ते बोलत होते, "कॉलेजला तुमच्याच गाडीनं जायचो मी कुर्डुवाडीला. पळत येणाऱ्यासाठी तुम्ही थांबायचे. मी रोज पळत यायचो." अब्बांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "निळी पिशवी?" सर हसले. "व्हय, निळीच."

पट्टीविषयी ते घरात एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना सोडायला बाहेर गेले तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाले, "चोरी म्हणत न्हाय मी याला. पण मला विचारायला तुला काय झालं होतं?"

रागावले असते तर सोपं गेलं असतं. सोमवारी मी पट्टी जागेवर लावली, त्या मुलीची माफी मागितली आणि तिचा बुडालेला सराव तीन दिवस जादा बसवून करून घेतला. सरांनी पुढं तो विषय काढला नाही. दिवाळीच्या आधी एक मशिन भंगारात काढताना तिच्यातली पट्टी मात्र माझ्या टेबलावर आणून ठेवली.

त्यानंतर हे थांबलंच नाही. दर दोनतीन वर्षांनी गेम नवा यायचा आणि जागा मागायचा. दोनशे छप्पन्नचे पाचशे बारा झाले. मग पट्ट्यांची जातच बदलली, जुन्या खाचेत नवी बसेना, म्हणून बोर्ड बदलावा लागला. माझं लग्न होऊन मी परंड्याला आले त्या वर्षी दोन जीबी लागले. परंड्यात आम्ही नवराबायकोनं दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान काढलं होतं. माहेरी जाताना इतर मुली फराळ नेतात, मी चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत मेमरीची पट्टी घेऊन जायची. नवरा चिडवायचा, "सासऱ्यांची गाडी पंपावर आली वाटतं."

दोन जीबीवाल्या गेमनं मात्र अब्बांची पार फजिती केली. शहर कुठलं तरी परदेशातलं, तिथं गाडी उजव्या बाजूनं चालवायची. अब्बांचा हात आपोआप डावीकडं जायचा आणि समोरनं ट्राम यायची. महिनाभर त्यांनी स्टिअरिंगला एक चिठ्ठी चिकटवली होती: उजवीकडं. ते जुनं वापरलेलं स्टिअरिंग माझ्या नवऱ्यानं पुण्याहून आणलं होतं आणि त्याला क्लचसुद्धा होता. या गेममध्ये माणसांना तोंडं होती. ती दारातून चढायची, ड्रायव्हरसमोर उभी राहायची, आणि तिकीट ड्रायव्हरनंच द्यायचं.

हे अब्बांना अजिबात चाललं नाही. "कंडक्टर कुठं गेला?"

"तिकडं नसतोय, अब्बा."

"मग घंटी कोण मारंल? मागचं दार कोण बघंल?" त्यांनी गाडी तशीच उभी केली. पडद्यावर एक बाई हात पुढं करून उभीच.

दुसऱ्या दिवशी ते काकांना घेऊन आले. काका म्हणजे त्यांच्याच गाडीवरचे कंडक्टर, चौदा वर्षांची जोडी. तेही अब्बांसारखे निवृत्त झाले होते, बायको वारल्यापासून दुपारी एकटेच असायचे. अब्बा त्यांना मास्तर म्हणायचे आणि ते अब्बांना उस्ताद. मी शेजारी दुसरी खुर्ची टाकली आणि काकांच्या हातात माऊस दिला. तिकिटावर टिचकी मारायची, सुटे द्यायचे, दार बंद करायचं. सगळं झालं की काका तोंडानं "टिंग टिंग" म्हणायचे आणि मगच अब्बा गाडी सोडायचे.

मी त्या दिवशी उशिरापर्यंत निघालेच नाही. अम्मी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. काका त्या गोऱ्या माणसांना सांगत होते, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय."

पुढची सात-आठ वर्षं ही गाडी दुपारी तीनला सुटत होती. गेम आठ जीबीवर गेला. मी मशिनमध्ये मेमरी भरत राहिले आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, खरं सांगते. दुकानात कुणी जुन्या मशिनला नावं ठेवली की मी म्हणायची, माझ्या अब्बांची मशिन बघा.

मग सोळा जीबीचा आला. त्यासाठी मी सगळंच नवं घेतलं. मोठा पडदा, वेगळं ग्राफिक कार्ड. गेम उतरवायला तीन दिवस लागले. सुरू झाला तेव्हा मीच बघत राहिले. काचेवर पावसाचे थेंब ओघळत होते, वायपर ते पुसत होता, ओल्या रस्त्यात दुकानांचे दिवे उलटे दिसत होते, फुटपाथवर शेकडो माणसं, प्रत्येकाची सावली वेगळी. "बघा अब्बा, काय केलंय!" असं मी म्हणाले. अब्बा म्हणाले, "छान हाय." मी परंड्याला परत आले.

चौथ्या दिवशी काय झालं ते मला काकांनी नंतर सांगितलं. पाऊस होता, अर्थात पडद्यावरचा. रस्ता चमकत होता. एक बाई छत्री घेऊन रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून पलीकडं जात होती आणि अब्बांची गाडी तिच्या अंगावर गेली. पडद्यावर लाल अक्षरं आली.

अब्बांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. नोकरीत एकदाही अपघात न झालेला माणूस.

काका म्हणाले, "खेळातली हाय ती, उस्ताद. उठंल."

"दिसलीच न्हाय मला," अब्बा म्हणाले. उठले, तोंडावर पाणी मारलं आणि अंगणात जाऊन बसले. त्यानंतर दहाबारा दिवस काका तीनला यायचे, चहा घ्यायचे, बंद पडद्याकडं बघून परत जायचे. शेवटी त्यांनी मला फोन केला.

"पोरी, तू लई मेमरी घातलीस वाटतं. जरा कमी कर."

मी आधी हसले. म्हटलं, काका, मेमरी जास्त असली म्हणून काही बिघडत नाही. ते म्हणाले, "अगं, त्येंना दिसंना. एवढं सगळं हलतंय, चमकतंय, त्यात रस्ता कुठला अन् सावली कुठली ते कळंना. तुला सांगायचे न्हाईत ते. तू एवढ्या हौसेनं आणलंस."

मी काउंटरवर फोन ठेवला. समोर एक बाई फॉर्म घेऊन उभी होती, तिला दोनदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भूमला गेले. अब्बांना हात धरून खुर्चीत बसवलं. मी म्हणाले, "चालवू नका, नुसतं सांगा." सेटिंग उघडलं. सावल्या बंद केल्या. "आता?" अब्बांनी डावा डोळा पुढं करून बघितलं. "थोडं बरं." रस्त्यातली चमक काढली. "आता?" पाऊस काढला, काचेवरचे थेंब काढले, लांबची झाडं काढली, गर्दी निम्म्यावर आणली. चष्म्याच्या दुकानात भिंगं बदलत विचारतात तसं माझं चाललं होतं. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "आता दिसतंय. पट्टे दिसत्यात."

कडेला मेमरीचा आकडा होता. अकरा जीबीवरून साडेचारवर आला होता. इतकी वर्षं वाढवत नेलेलं मी एका दुपारी निम्म्याच्याही खाली आणलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण जास्त वाईट याचं वाटलं की त्यांना काय दिसतंय हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. सीडीच्या पाठीमागं काय लिहिलंय तेवढंच वाचत आले होते.

"अब्बा, मला सांगायचं होतं तुम्ही."

"तू आणलं म्हणून बघत होतो," ते म्हणाले. "सवय होईल असं वाटलं."

काका तीनला आले. गाडी सुटली. पहिल्याच पट्ट्यांशी अब्बा थांबले. समोर कुणीच नव्हतं. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या.

"कुणी न्हाय, उस्ताद. चला."

"असू दे," अब्बा म्हणाले, आणि पुरता वेळ थांबूनच पुढं निघाले.

पुढं सोलापूरला डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थोडा फरक पडला. उजवा तसाच आहे. त्यानंतर मी सावल्या परत लावू का विचारलं तर म्हणाले, माणसांच्या लाव, झाडांच्या नको. तेवढ्याच लावल्या.

गेल्या महिन्यात मी भूमला गेले तेव्हा पडद्यावर नव्या भागाची सूचना आली होती. बत्तीस जीबी हवेत म्हणे. मी ती त्यांना वाचून दाखवली आणि या वेळी आधी विचारलं, "आणू का?"

अब्बांनी काकांकडं बघितलं. काका शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी करण्यात गुंतले होते, एक म्हातारा उतरायला वेळ लावत होता.

"मास्तर, नवी गाडी घ्यायची का?"

"सीट कशा हायत?" काकांनी विचारलं.

मी म्हणाले, त्यातल्या सीटांचं कापडसुद्धा खरं वाटतं म्हणतात.

"आपल्याला कुठं बसायचंय तिथं," काका म्हणाले. अब्बा हसले. मी सूचना बंद केली. अम्मीनं चहा आणला होता. शेवटच्या थांब्यावर ते दोघं दहा मिनिटं गाडी उभी ठेवतात. गेम घाई करतो, वेळापत्रक लाल होतं, तरी ठेवतात. मीही माझा कप घेऊन पलंगावर बसले. काकांनी बशीत चहा ओतला, अब्बांनी बिनसाखरेचा कप उचलला, आणि गाडीचं इंजिन हळू आवाजात चालू होतं.