तिसरीतलं मनातलं वाचन

फोन नीट कानाला लाव गो, आणि तुझी लेक तिसरीत जाऊन गप्प झाली म्हणून तिच्यावर ओरडू नकोस. आज कोळंबी सोलताना त्या वासानं तुझी तिसरी आठवली. मी पडवीत सोलत बसायची, तू शेजारी बसून ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं धडा वाचायचीस, नि तुझं बोट बघत मी अडाणी बाई अक्षरं ओळखायला शिकत होते. एक दिवस तू पुस्तक उघडून गप्पच. अभ्यास चुकवतेस म्हणून मी ओल्या हातानंच धपाटा घातला. “आये, तिसरीत मनात वाचतात गो!” म्हणून तू रडलीस, नि दुसऱ्या दिवसापासून आत जाऊन वाचू लागलीस. उरलेलं पुस्तक तू निजल्यावर मी एकटीनंच अक्षरं जुळवत वाचलं, पण ती पडवी मला खायला उठायची. लवकर ये गो लेकीला घेऊन, काही विचारणार नाही मी तिला.