दर सातव्या टाक्याला

माझा भाऊ माझ्या शिलाई मशीनखाली मोबाईल ठेवतो, हे कळलं तेव्हा माझ्या मनात आधी घर आलं. दोन खोल्यांचं, वडिलांच्या नावावरचं. वडील गेले आणि वाटणी राहिली ती राहिलीच. अशा घरात कुणी उगाच मोबाईल लपवत नाही.

मी संशयी आहे, कबूल. गिऱ्हाइकानं कौतुक केलं तरी मी आधी शिवण उसवली नाही ना, ते बघते.

भावाला लहानपणापासून सगळे ठोक्या म्हणतात. हाताला लागेल ते तो वाजवायचा. डबे, दारं, शाळेचे बाक, एकदा तर वडिलांचं टक्कल. शिकवायला कुणी नव्हतं. ऐकून ऐकून कीबोर्ड शिकला आणि एका हॉटेलात वाजवायला लागला. जेवणाऱ्यांना घास गिळवत नाही, जरा हळू वाजव, असं मालकानं दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा नारळ दिला. मग ठोक्या लाँड्रीत लागला. सकाळची पाळी आटपून दुपारी घरी यायचा आणि जुन्या कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसायचा. इंटरनेटवरचे फुकटचे धडे बघत तो क्लबात वाजतं तसलं नाचाचं संगीत करायला शिकला. त्यात ना गाणं ना शब्द, नुसता धाड धाड ठोका आणि त्यावर चढत जाणारे चमत्कारिक आवाज. पहिला ट्रॅक ऐकून मी म्हटलं, "गिरणी चालू आहे वाटतं." तर तो खूश झाला! पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर त्यानं मला काहीच ऐकवलं नाही. दार लोटून बसायचा. काय करतोस विचारलं की म्हणायचा, "आवाज साफ करतोय." आवाज ही काय साफ करायची वस्तू आहे?

अशी सात वर्षं गेली. मग एका डान्स क्लबच्या डीजेनं त्याला सांगितलं, "शनिवारी तुझा एक ट्रॅक लावतो. लोक नाचले तर दर शनिवारी लावीन." ठोक्याला आकाश ठेंगणं झालं.

"यात त्याचा काय फायदा?" मी विचारलं.

"प्रत्येकाचा फायदा नसतो गं, ताई."

"असतो. आपल्याला दिसत नाही एवढंच."

बुधवारी तो कामावर गेल्यावर मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. माझ्या ऑर्डरी मी त्यावरच उतरवते, तेवढं मला येतं. आत एक फोल्डर होतं, 'ताई' नावाचं. त्यात ताई एक, ताई दोन, असं करत थेट ताई एकशे बारा. एक फाईल लावली. मशीनची खडखड आणि तिच्यावरून माझाच आवाज, मावशीशी फोनवर बोलणारा. "काय सांगू मावशी, पस्तिशीचा घोडा झाला तरी खेळतोय. वर्षाअखेर त्याला घराबाहेर काढते. घराच्या कागदावर त्याची सही कशी घ्यायची तेवढं बघायचंय."

पुढची लावली. त्यातही मीच, आणि त्याच्या पुढचीतही मीच.

लाज वाटायला हवी होती, पण आली ती भीती. हा मशीनखाली मोबाईल ठेवून पुरावा गोळा करतोय, तोही एकशे बारा वेळा! मी सगळ्या फायली पुसल्या, कचरापेटीही रिकामी केली आणि कॉलर शिवायला बसले.

तीन वाजता तो आला, आत गेला आणि थोड्या वेळानं पांढराफटक होऊन बाहेर आला.

"ताई, ट्रॅकमधून तुझं मशीन गेलं."

त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. एक बारीक सूर चालला होता आणि ठोक्याच्या जागी काहीच नव्हतं.

"ते दर सातव्या टाक्याला अडखळतं ना, त्या लंगड्या ठोक्यावरच अख्खा ट्रॅक उभा होता," तो म्हणाला. "तसा आवाज दुसऱ्या कुणाकडेच नाही."

"मी पुसलं," मी म्हटलं.

का पुसलं, हे त्यानं विचारलं नाही. मला त्याचाही संशय आला.

"मोबाईलवरही काही ठेवलेलं नाही. बस मशीनवर. परत घेऊ."

मी पाय मारला. मशीन लोण्यासारखं चाललं. एकदाही अडखळलं नाही. मागच्याच आठवड्यात मी ते दुरुस्त करून घेतलं होतं. ठोक्या मटकन जमिनीवर बसला.

गुरुवारी मी मशीनवाल्याला बोलावलं.

"बाई, चांगलं मशीन बिघडवायला बोलावणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच," तो म्हणाला.

"जुनं झिजलेलं चाक परत लावा. आणि फेकलं म्हणून सांगू नका."

त्यानं निमूटपणे पिशवीतून चाक काढलं. जुने भाग हा दुसरीकडे खपवतो, हा माझा संशय खराच निघाला. पण कुणाच्या लबाडीवर इतकी खूश मी आयुष्यात झाले नव्हते.

शनिवारी लोक नाचले. आता दर शनिवारी नाचतात. माझ्या डोक्यातून मात्र तो गुरुवारच जात नाही. ठोक्यानं मशीनखाली मोबाईल ठेवला होता आणि मी जुन्या चादरीवर टाके घालत होते. सातव्या टाक्याला मशीन अडखळलं आणि त्याचा चेहरा उजळला.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "त्या फायलींत माझं बोलणंही होतं. फोनवरचं."

"हो. ते मी कापतो. लोकांना नाचायला नुसतं मशीन लागतं."

"आवाज साफ करतोय म्हणायचास, ते हेच?"

"हेच."

"म्हणजे तू सगळं ऐकलंयस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "ऐकल्याशिवाय कुठून कापायचं ते कसं कळणार, ताई?"

माझा पाय थांबला.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "शिवत राहा. हेही कापतो मी."