पुढच्या व्हॅनचा आवाज

तोंड वर करून सांगण्यासारखं नाही, पण खडकीत कुणीतरी तुम्हाला सांगणारच. मग माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या आधी.

तर, आमच्या विहाराच्या सभागृहात दर रविवारी मी ब्रेकचा वर्ग घेते. शाळा सातवीपर्यंत. गाडी मात्र नवऱ्याची स्कूटर खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकले. तो ओरडायचा, मी जोडायचे! आज रिक्षावाले, टेम्पोवाले, शाळेच्या व्हॅनवाले माझ्यापुढे सतरंजीवर बसतात. पहिला धडा एकच: "किल्ली फिरवायच्या आधी ब्रेक तपासा. देव तारत नाही, ब्रेक तारतो!"

परवा सकाळी स्कूटरवरून निघाले. डोक्यावर हेल्मेट. हो, पुण्यात राहून घालते! पुढे शाळेची पिवळी व्हॅन, पोरांनी गच्च भरलेली. सिग्नलजवळ तिचे मागचे दिवे लाल झाले आणि... खर्रर्र!

ब्रेकचा लायनर पार झिजला की लोखंडावर लोखंड घासतं, तो हा आवाज. झोपेतही ओळखेन!

पुढे खड्डा. दिवे लाल, खर्रर्र! मग म्हैस आडवी. दिवे लाल, खर्रर्र! सांगा, शंकेला जागा उरली? आणि आता येणार पुलाचा उतार. तळाशी चौक, चौकात हिंजवडीला सुसाट निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या. व्हॅनच्या काचेतून दोन वेण्यांवाली एक पोर मला टाटा करत होती. टाटा!

हॉर्न दाबला, ओरडले, "थांबवा! ब्रेक गेलाय!" कोण ऐकतंय? पुण्यात हॉर्न म्हणजे श्वासोच्छ्वास. शेवटी उताराच्या तोंडाशी स्कूटर पुढे काढली आणि आडवी घातली.

व्हॅन जागच्या जागी थांबली. मी मात्र स्कूटरसकट पाय घासत घासत थेट रसवंतीच्या बाकड्याला टेकले. म्हटलं, घाबरल्यावर होतं असं.

व्हॅनमधून उतरली कोण? सुनीता! माझ्याच वर्गातली.

"आजी? काय झालं?"

"मला विचारतेस? पोरं उतरव आधी! ब्रेक संपलेत तुझे!"

"अहो, सकाळीच तपासलेत. तुम्हीच शिकवलंय ना?"

"मग मलाच शिकवू नकोस!"

गर्दी जमली. त्यात त्या वेण्यांवालीचे वडील, ऑफिसला निघालेले. मोबाइल बाहेर काढून म्हणाले, "सुनीताताई, हे पालकांच्या ग्रुपवर टाकावं लागेल. उद्यापासून आमची मुलगी येणार नाही."

सुनीताचा चेहरा पांढरा पडला. त्या व्हॅनवर तिचं घर चालतं, मला माहीत होतं. तरी मी थांबले का? छे! पोरं खाली उतरवली, भर रस्त्यात मांडी घातली, जॅक लावला, मागचं चाक काढलं.

आत लायनर ठणठणीत. दुसरं चाक काढलं. तेही ठणठणीत!

"मग आवाज काय माझ्या कानात होता?" मी चिडून म्हणाले.

सुनीता शांतपणे म्हणाली, "आजी, मी ब्रेक दाबला की मागे तुम्ही काय करता?"

"काय करणार? मीही दाबते!"

वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं.

सुनीता पुढे झाली. रसवंतीजवळची माझी स्कूटर चार पावलं ढकलली आणि ब्रेक दाबला.

खर्रर्र!

"चला, सापडला," गर्दीतले एक गृहस्थ म्हणाले आणि उसाचा रस प्यायला गेले.

शेवटची कधी तपासली होती? आठवेना! माझी गाडी ती, तिला काय धाड भरणार? आणि हीच गाडी घेऊन मी त्या उतारावर निघाले होते.

मी त्या पोरीच्या वडिलांना म्हटलं, "काढा तो मोबाइल परत. लिहा, सुनीताच्या गाडीचे ब्रेक उत्तम, म्हातारीच्या स्कूटरचे गेलेत." त्यांनी लिहिलं. लेकीला स्वतः व्हॅनमध्ये बसवलं.

सुनीताने हात पुढे केला. "किल्ली."

दिली. काय करता? शाळेपर्यंत व्हॅनमधून गेले, मांडीवर चार दप्तरं घेऊन.

पुढच्या रविवारी वर्ग सुनीताने घेतला. टेबलावर माझेच झिजलेले लायनर. मी सतरंजीवर, पहिल्या रांगेत.

"हे असं का झालं?" तिने विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी हात वर केला, उभी राहिले.

"मालकीण दुसऱ्यांचे ब्रेक ऐकत फिरत होती म्हणून."

"बरोबर," सुनीता म्हणाली. "बसा."