नानांची लाल, नानांची पांढरी

नाना गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी दुःखी चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मात्र मनात म्हटलं, गेले... आणि 'चुकलं' न म्हणताच गेले! थोरल्या भावाबद्दल असं लिहू नये, कळतं मला. पण त्यांच्याबद्दल गोड लिहायला बसलो की पेनच अडतं.

एरंडोलजवळच्या आमच्या शेतात वर्षानुवर्षं कपाशी होती. नानांनी कुणाला न विचारता ती मोडली आणि वाइनची द्राक्षं लावली. "हाई ज्वालामुखीनी माती शे. तुमले काय समजस?" हे ते आईलाही म्हणाले. तिनं पुन्हा त्या शेतात पाऊल टाकलं नाही. काळी द्राक्षं सालीसकट आंबवून लाल, हिरव्यांचा नुसता रस आंबवून पांढरी. दर वर्षी मला घोटभर द्यायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे. मी म्हणायचो, "खोकल्याचं औषध छान झालंय." त्यावर ते, "तू चहामा साखर मोज."

एकदा मी धुळ्याला परत निघालो, तेव्हा तिथल्या कुणा साहेबासाठी त्यांनी माझ्या पिशवीत दोन बाटल्या कोंबल्या. पारोळ्याच्या पुढे एसटी उन्हात तापली आणि एकीचं बूच उडालं. शेजारी आमचे मुख्याध्यापक! त्यांचा इस्त्रीचा सदरा भिजला, गाडीभर आंबूस वास. आणि नुकतंच मी शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण ठोकलेलं. तेव्हापासून पोरं मला 'बाटली सर' म्हणतात. माझं ठरलेलं पर्यवेक्षकपद दुसऱ्याला गेलं. तणतणत एरंडोल गाठलं, तर नानांनी एवढंच विचारलं, "लाल फुटनी का धवळी?"

"पांढरी."

"मंग काही नही. ती बिघडेलच व्हती."

त्या एका 'चुकलं'ची मी शेवटपर्यंत वाट पाहिली. शेवटच्या भेटीतही अंथरुणातून म्हणाले, "यंदानी लाल तरी पिसनी देख." मी न पिताच मान फिरवली.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी पाण्याची घागर भरतात. नानांना मुलगा नाही, म्हणून पूजेला मी बसलो. वहिनींनी यंदाची लाल पुढे केली. "भाऊ, त्यासनी शे. थोडी टाका घागरमा." दाराआड जाऊन मी आधी एक घोट घेतला. चांगली होती... फारच चांगली होती. बूच गच्च लावलं, आणि घागर नुसत्या पाण्यानं भरली.

ती बाटली आता धुळ्यात माझ्या फडताळात आहे, निम्मी. प्रत्येक घोटाला जिभेवर येतं, 'चांगली आहे.' ते मी वाइनबरोबर गिळतो.

आधी तुम्ही म्हणा, नाना.