आमच्या दिवाळीतला कोरियन नरकासुर

साउथहॅम्प्टनला आल्यापासून लॅपटॉपपुढे बसून बसून माझी पाठ कामातून गेली होती. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, गोळ्या काही दिल्या नाहीत, व्यायाम करा एवढंच सांगितलं. योगासनांच्या वर्गाला दोन बस बदलून जावं लागे आणि तायक्वांदोचा क्लास आमच्याच रस्त्यावर, चर्चच्या हॉलमध्ये होता. म्हणून मी चाळिशीत लाथा मारायला शिकू लागले.

सर कोरियन होते, सत्तरी ओलांडलेले, अबोल. भुवया इतक्या दाट की पावसात त्यांना छत्री लागत नसावी.

त्या वर्षी पुण्याहून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. घरी एकटीला कंटाळा येतो म्हणून त्या माझ्याबरोबर यायच्या आणि भिंतीजवळच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसायच्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे शिकवणारा माणूस दिसला की त्याची चौकशी करणं हा त्यांना आपला हक्क वाटतो. एका सोमवारी त्यांनी सरांना गाठलं आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "इथे येण्याआधी तुम्ही काय करत होतात?"

"मरत होतो," सर म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "अगं, आजारी होते का हे?"

आजारी नव्हते, सिनेमात होते. मॅट गोळा करता करता सरांनी सगळं सांगितलं. तरुणपणी ते सोलमध्ये तायक्वांदो शिकवत. एक दिग्दर्शक आला आणि छपरावरून कोण पडेल म्हणून विचारू लागला. हे पडले, आणि छान पडले. भुवयांमुळे खलनायक ठरले. मग कोरियात आणि हाँगकाँगमध्ये मारामारीचे कितीतरी सिनेमे केले आणि प्रत्येकाच्या शेवटी मेले. विहिरीत मेले, पुलावरून पडून मेले, एकदा नूडल्सच्या कढईत डोकं घालून मेले. त्यांची आई प्रत्येक सिनेमाला जायची आणि दर वेळी नव्याने रडायची.

"हिरो कधीच नाही झालात?" सासूबाईंनी विचारलं.

"एकदा झालो. लोक वाट बघत बसले, हा आता मरेल, मग मरेल. मेलो नाही. पिक्चर पडला."

संवादही त्यांच्या आवाजात कधी नव्हते, नंतर दुसरंच कोणीतरी बोलायचं. पुढे असे सिनेमे निघेनासे झाले. एका इंग्रजी सिनेमात भिंतीवरून पडायला म्हणून ते इकडे आले आणि खरोखरच पडले. पाय मोडला, आणि ज्या नर्सने शुश्रूषा केली तिच्याशीच लग्न केलं. त्या बाईंनी नवऱ्याचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. प्रिंटा कुठे राहिल्या, कोणालाच ठाऊक नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या इथल्या मराठी मंडळाने नरकासुरवधाचं छोटं नाटक बसवलं होतं. मी सत्यभामा. नरकासुर झालेल्या डेंटिस्टच्या कमरेत ऐन वेळी उसण भरली.

"सोमवारी तुला लाथा शिकवतो तो कोण आहे मग?" सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, त्यांना मराठी कुठे येतं?"

"राक्षसाला कशाला शुद्ध मराठी लागतं? तुमच्या इथली मुलं तर 'माझा आई आला' म्हणतात."

सर एका पायावर तयार झाले. सासूबाईंनी त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: "अरे, मला कोण मारणार?" 'ण'चा 'न' व्हायचा, तो त्यांनी मोठ्या मनाने चालवून घेतला.

अडचण माझीच होती. मोठ्या माणसाला पाय लागला की माझा हात आपोआप नमस्काराला जातो. तालमीत मी सरांना लाथ मारली आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडले.

"सत्यभामा सॉरी म्हणाली होती का?" सरांनी गंभीरपणे विचारलं. "नीट मार. मरायचं काम माझं."

कार्यक्रमाच्या दिवशी सरांनी स्टेजवर येऊन भुवया उचलल्या आणि ते वाक्य असं टाकलं, की पुढच्या रांगेतली पोरं आयांना बिलगली. मी डोळे मिटून लाथ मारली. ठरल्याप्रमाणे त्यांनी लगेच मरायचं होतं, पण ते ऐकतायत कुठले! आधी भेलकांडले, मग पडदा धरून उठले, गुडघ्यावर आले, पुन्हा कोसळले. कृष्णाने कंटाळून बासरी या हातातून त्या हातात घेतली. पोरं "अजून! अजून!" ओरडत होती. शेवटी सर उताणे पडले ते हललेच नाहीत.

सासूबाईंच्या शेजारी बसलेल्या सरांच्या पत्नी ताडकन उठल्या. "पुरे झालं! ऊठ आता!"

नरकासुराने एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं. टाळ्या थांबेनात.

फराळाच्या वेळी बाई त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकत होत्या. "इतकी वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "आणि तू काय काम करायचास ते आज बघितलं."

"आवाजही माझाच होता," चकली मोडत सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्या सोमवारी मंडळातल्या सहा-सात बायका सलवार-कमीज घालून हॉलच्या दारात हजर. लाथा शिकायच्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना फक्त पडायला शिकवलं. आणि घर, ऑफिस, शाळेची ने-आण यातून सुटलेल्या त्या बायका मॅटवर इतक्या मनापासून पडल्या, की उठायचं नावच कोणी घेईना.