कबुतरं सोडून सगळं

माझ्या शिंका आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहेत. खालच्या मजल्यावरच्या वहिनी माझी पहिली शिंक ऐकून दूध तापवायला ठेवतात, असं त्यांनीच मला लिफ्टमध्ये सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही, बऱ्यापैकी कौतुकाने. सकाळी उठल्या उठल्या एक शिंक येते आणि पाठोपाठ तिचं सगळं खानदान येतं. तेवढा वेळ घरात कोणी बोलत नाही. मग सासरे पेपरच्या आडून विचारतात, "झाल्या का सगळ्या? मग चहा घेऊ."

सासरे खडकीला कारखान्यात होते, तपासणी खात्यात. तयार मालातल्या चुका काढणं हे त्यांचं काम, आणि निवृत्त झाल्यावर ते काम त्यांनी घरी आणलं. पोळीचा काठ, गाडीचं पार्किंग, माझ्या शाळेच्या पत्रकातलं शुद्धलेखन, कशालाही सूट नव्हती. सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे सिंहगड रोडला राहायला आले, तेव्हा मात्र चुका काढणं मागेच सोडून आले. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवायचे. मला ती शांतता मुळीच सोसली नाही. टोमणे मारणाऱ्या माणसाने टोमणे बंद केले की घरात कोणीतरी आजारी आहे असं वाटत राहतं.

मग एका सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एक कबूतर येऊन बसलं. सासऱ्यांनी डब्यातली मूठभर ज्वारी काढून त्याच्यापुढे टाकली. मी शाळेत भूगोल शिकवते, सकाळी घाईत असते, पण त्या दिवशी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, पाहुणे आले वाटतं."

"पाहुणे कसले, फुकटे आहेत. चहा तेवढा मागत नाहीत."

कित्येक महिन्यांनी टोमणा ऐकला! मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशीही मी कप घेऊन तिथेच उभी राहिले, आणि मग रोजच. एक कबूतर छाती काढून नुसतं इकडून तिकडे फिरायचं, त्याला त्यांनी चेअरमन म्हणायला सुरुवात केली. मी खूप हसले. आमच्या चेअरमनना ओळखणारं कोणीही हसलं असतं.

शिंका माझ्या जुन्याच. नवीन होती ती धाप. आठवीच्या वर्गात दख्खनचं पठार शिकवताना मला ते स्वतः चढून आल्यासारखा दम लागायला लागला. छातीत शिट्टी वाजायची. शेवटी नवरा डॉक्टरांकडे घेऊन गेला. सासरेही हट्टाने बरोबर आले आणि बाहेर बाकावर बसले. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "घरी कबुतरं येतात का?"

दार अर्धं उघडं होतं. मी म्हटलं, "समोरच्या इमारतीवर असतात."

नवऱ्याने छताकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुठेही असोत, त्यांची घाण वाळली की तिची धूळ श्वासात जाते, पिसांची जाते, आणि हे असंच चालू राहिलं तर फुप्फुसं कायमची बिघडू शकतात. शिंका वेगळ्या आणि ही धाप वेगळी, हिला हसण्यावारी नेऊ नका. मग श्वासातून ओढायचा पंप लिहून दिला, आणि जाता जाता घरातली साधी धूळ कशी कमी करायची तेही सांगितलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "तू सांग. तुझे वडील आहेत."

"तुझं ऐकतात ते. तू सांग."

असे आम्ही दोघं सुशिक्षित, कमावते, मतदान करणारे नागरिक. त्या माणसाच्या आयुष्यात एवढी एकच गंमत उरली आहे, तीही काढून घ्यायची का, या विचाराने दोघांचीही जीभ रेटेना.

मग नवऱ्याने काय करावं? कबुतरं सोडून सगळं घर साफ करायला घेतलं. तो कंपनीत प्रोजेक्ट सांभाळतो, घरात मी त्याचा प्रोजेक्ट झाले. हॉलमधला गालिचा गेला. पडदे गेले आणि समोरच्या बिल्डिंगला आमचं सगळं आयुष्य दिसायला लागलं. गाद्यांना आणि उशांना चेन असलेली आवरणं आली, त्यांचा कुशीवर वळताना वेफर्सच्या पिशवीसारखा आवाज होतो. चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. झाडू बंद, सगळीकडे ओलं फडकं. लग्नात आहेर म्हणून मिळालेली, चांदीच्या ताटलीतली कागदी फुलं मी स्वतःच काढली, त्याबद्दल मात्र मी ॲलर्जीची कायमची ऋणी आहे.

सासरे हे सगळं पाहत होते. एक दिवस त्यांनी आपल्या खोलीतले पडदे स्वतः काढून आणून दिले. मग त्यांची जुनी लोकरीची शाल आली. मग देवापुढची उदबत्ती बंद झाली, जी त्यांनी उभ्या आयुष्यात कधी चुकवली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, उदबत्ती राहू द्या."

"देवाला सर्दी होत नाही," ते म्हणाले. "तुला होते."

आता एवढं ऐकल्यावर तरी मी बोलायला हवं होतं की नाही? नाही बोलले. सकाळी गॅलरीचं सरकतं दार घट्ट लावून घ्यायचे, त्यांचा कप बाहेर द्यायचे आणि माझा चहा स्वयंपाकघरातच उभ्याने संपवायचे. शाळेची घाई आहे, असं सांगायचे.

आणि इकडे कबुतरं वाढत चालली. मुठीची वाटी झाली, वाटीचं भांडं झालं. एके दिवशी सासरे कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्वारीची आख्खी पिशवी खांद्यावर टाकून घेऊन आले. चेअरमनचं आता सगळं मंडळच हजर असायचं. काच बंद असली तरी फटींतून बारीक पिसं आत यायची आणि मी पंप ओढत बसायचे. एकदा जिन्याचा एकच मजला चढून मी मध्येच पायरीवर बसले, तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा त्याने एक शक्कल काढली. जाळी बसवणाऱ्याला रविवारी बोलावलं आणि वडिलांना सांगितलं, "सोसायटीचा नवीन नियम आला आहे, सगळ्यांनी गॅलरीला जाळी लावायची." स्वतःच्या जन्मदात्याला चाळीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाने एवढी मोठी चूक करावी! पुण्यात ज्येष्ठ नागरिकाला कोणी नियम सांगितला तर तो मान डोलावत नाही, नियम दाखवा म्हणतो. सासरे पायात चपला घालून थेट सोसायटीच्या ऑफिसात गेले. अर्ध्या तासाने परत आले. जाळीवाला गॅलरीत मापं घेत होता. सासरे हॉलच्या मधोमध उभे राहिले.

"असा काही नियम नाही. सेक्रेटरीलाही माहीत नाही. आता कारण सांगा."

नवरा फॅनकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे आहे. मला कबुतरांचा त्रास होतो. धाप त्याचीच आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." आणि वाक्य संपता संपता मला खोकल्याची उबळ आली, जणू पुरावा म्हणून.

त्यांनी हॉलभर एक नजर फिरवली. मग म्हणाले, "पडदे काढले. गालिचा काढला. देवाची उदबत्ती बंद केली. आणि कबुतरं ठेवली?"

"तुम्हाला आवडतात म्हणून."

"मला?" त्यांनी चष्मा काढला. "मला कशाला आवडतील? घाणेरडा पक्षी. कारखान्यात शेडमध्ये शिरायची, तेव्हा मीच हाकलायचो."

"मग रोज दाणे कशाला घालायचात?"

त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"तू यायचीस चहा घेऊन. उभी राहायचीस, हसायचीस. घरात तेवढंच कोणीतरी बोलायला. मग तू यायची बंद झालीस." ते गॅलरीकडे वळले. "मला वाटलं, दाणे कमी पडतायत."

जाळीवाल्याची टेप परत डबीत गेल्याचा आवाज झाला. मला रडू आलं. रडणं माझ्या नाकाला अजिबात मानवत नाही, त्यामुळे लगेच शिंका सुरू झाल्या, एकामागून एक. सगळे थांबले, जाळीवालाही.

त्यानंतर सूत्रं सासऱ्यांनी हातात घेतली. मला खोलीत बंद केलं. स्वतः मास्क लावला, जाळीवाल्यालाही लावायला लावला, आणि आधी पाणी मारून सगळं भिजवल्याशिवाय एक कणही खरवडायचा नाही असा हुकूम सोडला. उरलेली ज्वारी दळायला गेली. जाळीच्या चार कोपऱ्यांपैकी एक सैल आहे, म्हणून त्या माणसाला त्यांनी संध्याकाळी परत बोलावलं. दाराआडून तो वाद ऐकताना मला फार बरं वाटत होतं.

माझी धाप हळूहळू उतरली. शिंका आहेत तशाच आहेत, वहिनींच्या दुधाची सोय व्हायला हवी ना. डॉक्टरबाईंनी हरकत नाही म्हटल्यावर एका सकाळी मी सरकतं दार उघडलं आणि दोन कप घेऊन गॅलरीत गेले. सासरे जाळीमागे खुर्चीत पेपर वाचत होते.

"आता इथे बघायला काही नाही," ते म्हणाले.

"आहेत की. चेअरमन आहेत," मी त्यांच्याकडेच बघत म्हटलं.

ते लगेच पेपरच्या आड गेले. पेपर थोडा हलत होता. मग कप पेपरमागे गेला, घोट घेतल्याचा आवाज आला आणि कप परत बाहेर आला.

"साखर कमी आहे."

मी आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले.